कपाटामागची काळी बुरशी

प्रश्न: मुलाच्या बेडरूममधलं कपाट सरकवलं तर मागची भिंत जमिनीपासून गुडघ्यापर्यंत काळ्या ठिपक्यांनी भरलेली, वासही कुबट. मुलगा ५ वर्षांचा, रात्री खोकतो, मला वाटलं सर्दी असेल. नवरा म्हणतोय ब्लीच मारू नि वरून पेंट देऊ. काळी बुरशी विषारी असते असं वाचल्यापासून मला झोप नाहीये. टेस्ट करून घेऊ का?

उत्तर: टेस्टवर पैसे घालवू नका. बुरशी काळी आहे म्हणजे विषारीच असं काही नसतं, हिरवी असो की काळी, काढायचीच आहे. पण मुलाला आज रात्रीपासून दुसऱ्या खोलीत झोपवा आणि खोकल्यासाठी डॉक्टरांकडे गेलात की बुरशीचंही आवर्जून सांगा, कारण बुरशीच्या कणांनी अ‍ॅलर्जी आणि दमा वाढतो.

आता पेंटचं. मिस्टरांना सांगा, ओल्या भिंतीवर पेंट मारला तर पोपडे निघून तीच बुरशी परत वर येणार. मुळात बघायचंय पाणी कुठून येतंय ते. भिंत टॉवेलने पुसून कोरडी करा, तळहाताएवढा प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा नि एक-दोन दिवस थांबा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे पाणी दिसलं तर ओल भिंतीतूनच येतेय, पाइप किंवा बाहेरचा गिलावा बघायला प्लंबर नाहीतर वॉटरप्रूफिंगवाला बोलवा. खोलीच्या बाजूला थेंब दिसले तर हवेतली वाफ गार भिंतीवर जमतेय, आणि कपाट चिकटून असल्यामुळे तिथे वारा लागत नाही म्हणून तिथेच बुरशी धरते.

डाग साधारण ३ फूट बाय ३ फूटपेक्षा मोठा असेल, किंवा घरात कुणाला दमा असेल, तर साफसफाई माहितगार माणसाकडून करून घ्या. लहान असेल तर घरी जमतं. मुलाला घराबाहेर पाठवा, दार बंद, खिडकी उघडी, पंखा बंद (पंख्याने सगळे कण खोलीभर उडतात). एन९५ मास्क, रबरी ग्लोव्हज, डोळ्यांना गॉगल. कोरड्या ब्रशने खरवडायचं नाही हं, आधी ओलं करायचं, मग डिटर्जंटच्या पाण्याने घासायचं, पुसायचं आणि पूर्ण वाळवायचं. फडके पिशवीत बांधून लगेच फेकून द्या.

ब्लीचची खरं तर गरजच पडत नाही. मेलेल्या बुरशीनेसुद्धा अ‍ॅलर्जी होते, त्यामुळे नुसती मारून उपयोग नाही, ती निघायला हवी. तरीही वापरणारच असाल तर व्हिनेगर, टॉयलेट क्लीनर किंवा अमोनियावालं काहीही त्यात मिसळू नका, विषारी गॅस होतो.

कपाटाचा मागचा प्लाय फुगला असेल तर बदला, गादीला बुरशी लागली असेल तर ती टाकूनच द्या, उन्हात ठेवून आतली जात नाही. कापडी खेळणी गरम पाण्यात धुऊन खडखडीत वाळवा, डाग राहिला तर तीही टाका, मुलगा रडेल पण इलाज नाही.

आर्द्रता मोजायचं छोटं मीटर मिळतं, ते खोलीत ठेवा. आकडा ६० टक्क्यांच्या खाली हवा, ३० ते ५० असेल तर उत्तम. ओले कपडे त्या खोलीत वाळत घालू नका. कपाट भिंतीपासून थोडं लांब ठेवा आणि काही सांडलं, गळलं तर त्याच दिवशी वाळवा, ओल्या वस्तूवर २४ ते ४८ तासांत बुरशी धरायला लागते. मुलाला त्या खोलीत परत आणायचं ते भिंत पूर्ण वाळल्यावर आणि कुबट वास गेल्यावरच.