ज्वालामुखीचे बेट निवडताना

प्रश्न : आम्ही पन्नाशी ओलांडलेले दांपत्य असून अंजनेरी, हरिहर येथे नियमित जातो. मे महिन्यात ज्वालामुखीतून घडलेल्या एखाद्या बेटावर आठ-दहा दिवस राहण्याचा विचार आहे. पत्नीला पोहण्याजोगा शांत समुद्र हवा आहे, मला डोंगरवाटा. मॉरिशस आणि रियुनियन यांपैकी कोणते बेट निवडावे?
– एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : अशा बेटाचे वय आधी पाहावे, असे मी आग्रहाने सांगेन. ज्वालामुखी थंडावला की बेट हळूहळू झिजते व खचते, कडेने प्रवाळाची भिंत वाढते आणि तिच्या आतल्या उथळ, संथ पाण्याकाठी पांढरी वाळू साचते. बेट तरुण असेल तर डोंगर उंच, कडे तुटलेले आणि किनारा बहुतांशी काळ्या दगडांचा असतो. मॉरिशस सुमारे ८० लाख वर्षांचे आहे व त्याचे सर्वोच्च शिखर अवघे ८२८ मीटर आहे. रियुनियन त्याहून पुष्कळ तरुण असून तेथील पितों दे नेज ३,०७१ मीटर, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीच्या जवळ पोहोचते. ही दोन्ही बेटे ज्या भूगर्भीय उष्ण स्रोतामुळे घडली, त्यानेच सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी आपल्या सह्याद्रीचा बेसॉल्ट ओतला, असे अनेक भूशास्त्रज्ञ मानतात. त्यामुळे तेथील काळा खडक आपल्याला परका वाटणार नाही.

चालण्यासाठी रियुनियनला तोड नाही. माफात या कड्यांनी वेढलेल्या प्रचंड खोलगटात मोटाररस्ताच नाही. तेथील वस्त्यांवर पायी किंवा हेलिकॉप्टरनेच जाता येते आणि मुक्कामाची सोय असली तरी ती आधी ठरवावी लागते. पितों द ला फुर्नेझ हा ज्वालामुखी आजही जागृत आहे. उद्रेक होताच विवराकडे जाणारी वाट बंद केली जाते, म्हणून त्या भागासाठी एक दिवस मोकळा ठेवावा. पोहण्याबाबत मात्र तडजोड नको : शार्कच्या हल्ल्यांमुळे २०१३ पासून तेथे प्रवाळभिंतीच्या आतील पाणी आणि देखरेखीखालील ठरावीक जागा सोडून अन्यत्र पोहण्यास बंदी घालण्यात आली. लर्मिताजचा किनारा भिंतीच्या आत आहे.

माझा सल्ला असा की, आधी चार-पाच दिवस रियुनियनला चालावे आणि उरलेले दिवस मॉरिशसला घालवावेत. दोन्ही बेटांमधील विमानप्रवास पाऊण तासाच्या आसपास आहे. एकच बेट शक्य असेल तर मॉरिशस घ्यावे, कारण तेथे पत्नीची इच्छा पूर्ण होईल आणि आपल्यासाठीही ब्लॅक रिव्हर घळीचे जंगल व ५५६ मीटरचा ल मॉर्न हा डोंगर आहे. त्याचा शेवटचा टप्पा खडा आहे, पण हरिहरच्या पायऱ्या चढणाऱ्यास जड जाऊ नये.

मे महिना योग्य आहे, कारण चक्रीवादळांचा काळ तोवर सरलेला असतो. रियुनियनच्या उंच भागात सकाळ उलटताच ढग चढतात, तेव्हा पहाटेच निघावे आणि गरम कपडे ठेवावेत. मॉरिशससाठी भारतीय पर्यटकांना आगाऊ व्हिसा काढावा लागत नाही. रियुनियन फ्रान्सचा भाग असूनही शेंगेन क्षेत्रात (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) येत नाही, म्हणून तिकिटे काढण्यापूर्वी फ्रेंच वकिलातीकडून त्या बेटापुरते नियम समजून घ्यावेत.