नवं बिडिंग, तरी काच अडते

प्रश्न : १९७८ ची प्रीमियर पद्मिनी दुरुस्त करतोय. दारांच्या काचांना नवं बिडिंग, म्हणजे काच ज्यात सरकते ते रबर आणि फेल्टचं (दाबलेल्या लोकरीसारख्या कापडाचं) चॅनेल बसवलं. आता काच अर्ध्यावर अडते, आणि पावसात दारात पाणी साठतं. काय चुकलं?
– एक वाचक, सातारा

उत्तर : काच अडते ती बहुधा कोपऱ्यात. चॅनेल वळवताना तिथं घडी पडते. ते काढा, काचेच्या बाजूला हात न लावता मागच्या बाजूने इंग्रजी व्ही आकाराची छोटी खाच घ्या आणि आधी कोपरा बसवून मग सरळ भाग दाबत जा. ताणून बसवू नका. ताणलेलं रबर पुढे आखडतं आणि टोकाला फट पडते. म्हणून कापताना १०-१५ मिमी जास्तच ठेवा. चिकटवण्याचा गम पत्र्याच्या बाजूला, तोही ठिपक्यांपुरता. फेल्टला लागला की काच अडलीच! बसवण्याआधी दाराच्या चौकटीत चॅनेल जिथं बसतं तिथला गंज ब्रशने काढून प्राइमर मारला होता ना? नसेल तर आत्ताच मारा.

ऑइल-ग्रीस अजिबात नको. रबर फुगतं, धूळ चिकटते. सिलिकॉन स्प्रे पुरे.

पाण्याचा दोष मात्र बिडिंगला देऊ नका. काचेवरून थोडं पाणी दारात उतरणारच. ते खालच्या भोकांतून बाहेर पडायला हवं. गंज आणि चिखलाने भोकं बुजली असतील, तारेने मोकळी करा. आतल्या पॅनेलमागचं प्लास्टिक फाटलं असेल तर तेही बदला, नाहीतर पाणी गालिच्यावर येईल.