नोकरी नको, आपलंच काम करायचंय : तुमचे प्रश्न

यावेळचे सगळे प्रश्न फिरून फिरून पैशापाशीच येतायत, कलेबद्दल कुणी चकार शब्द विचारला नाही, म्हणून मीही हिशोबाचंच बोलतो.

चार वर्षं कंपनीत डिझायनर आहे, पण मला चित्रंच काढायचीत. राजीनामा देऊन टाकू का?

इतक्यात नको. आपल्याला वाटतं नोकरी सुटली की वेळच वेळ आणि मग भराभर सुचेल, पण घरभाडं डोक्यावर असलं की काही सुचत नाही हो, मी पहिल्या वर्षी मिळेल ते काम घेत सुटलो आणि त्यातलं एकही आज कुणाला दाखवत नाही. आधी नोकरीत राहूनच दोन-तीन जणांकडून पैसे घेऊन काम करून बघा, आणि ते ओळखीतले नकोत, पार अनोळखी हवेत, कारण ओळखीतले कौतुक करतात आणि बिल विसरतात. फिलिप ग्लास हा संगीतकार, १९७६ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाऊसमध्ये त्याचा ऑपेरा झाला, हाऊसफुल्ल, पण प्रयोगांचं कर्ज अंगावर आलं आणि हा बाबा परत टॅक्सी चालवायला लागला, वयाच्या ४१ व्या वर्षापर्यंत चालवत होता. त्यामुळे साइडला नोकरी ठेवायची लाज कसली? फक्त तुमचं अपॉइंटमेंट लेटर काढून नीट वाचा, बऱ्याचदा बाहेरची कामं करायला मनाई असते, आणि नोकरीत असताना केलेल्या कामावर कंपनी हक्क सांगते ते वेगळंच.

रेट कसा ठरवायचा? पगाराला महिन्याच्या तासांनी भागलं तर चालेल का?

इथेच सगळे फसतात. आठवड्याला ४० तास बसलात तरी पैसे मिळणारे तास माझ्या अनुभवाने २०-२२ च निघतात, बाकीचे मेल, कोटेशन, बिलाचा तगादा आणि 'फक्त पाच मिनिटं कॉल' यात जातात. सुट्ट्या, आजारपण वजा करून वर्षाचे ४६ आठवडे धरा, म्हणजे साधारण १००० तास. घरखर्च, टॅक्स, सॉफ्टवेअर, कॉम्प्युटर बदलायचे पैसे सगळं मिळून वर्षाचा आकडा काढा आणि १००० ने भागा. येईल तो आकडा बघून घाबरायला होतं, मलाही झालं होतं. पण तो तुमचा कमीत कमी रेट आहे, त्याच्या खाली काम घेणं म्हणजे स्वतःच्या खिशातून क्लायंटला देणं.

लोगो केला, सात वेळा बदलून दिला, आता पैसे द्यायच्या आधी ओरिजिनल फाइल मागतायत. देऊ?

अजिबात नाही. पैसे आले की फाइल. पुढच्या वेळी निम्मा अॅडव्हान्स हातात पडल्याशिवाय पेन्सिलही उचलू नका, आणि दोन वेळा बदल फुकट, तिसऱ्यापासून चार्ज, हे आधीच मेलवर लिहून टाका. कॉपीराइटचं म्हणाल तर १८८६ च्या बर्न करारात जे देश आहेत (आता बहुतेक सगळेच आहेत) तिथे काम तयार झालं की हक्क लागू होतो, रजिस्ट्रेशनची अट नाही. पण तो हक्क तुमचा की क्लायंटचा हे तिथला कायदा आणि तुमचा करार ठरवतो, म्हणून न वाचता सही करू नका.

घरचे अजून विचारतात, नोकरी कधी लागणार?

माझे पण विचारतात.