आर. ए. फॅक्टर निगेटिव्ह आला, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड नाही असं समजायचं का?

तुम्ही लिहिलंय की आईची बोटं सकाळी आखडतात, पण आर. ए. फॅक्टर ही रक्ततपासणी निगेटिव्ह आलीय, तर ऱ्हुमॅटॉइडचा, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते त्या संधिवाताचा, विचार सोडून द्यायचा का. अजिबात सोडू नका. अशाच एका निगेटिव्ह रिपोर्टापायी माझे अकरा महिने गेले.

मी तेव्हा 38 वर्षांची होते. सकाळी मूठच वळायची नाही. टूथपेस्टचं झाकण दोन तळव्यांत धरून फिरवायचे. अंगठी साबण लावूनही निघेना. अकराच्या सुमारास हात मोकळे व्हायचे आणि मी कामाला लागायचे, त्यामुळे घरच्यांना दिसायची ती धडधाकट बाई. थोरल्या दिरांनी रिपोर्ट वाचला, म्हणाले, "सगळं नॉर्मल आहे, उगाच मनाला लावून घेऊ नकोस." नवऱ्यानेही मान डोलावली. एक्स-रेसुद्धा स्वच्छ होता. मग वेदनाशामक गोळ्या, आणि दुपारी तीनलाच डोळे मिटतील असा थकवा. त्यालाही आळस म्हटलं गेलं.

शेवटी संधिवाततज्ज्ञ बाईंकडे गेले. त्यांनी फाइल उघडलीच नाही. आधी विचारलं, "सकाळी हात मोकळे व्हायला किती वेळ लागतो?" तीन तास, म्हटलं. मग त्यांनी माझा पंजा दोन्ही बाजूंनी हलकेच दाबला, बोटांच्या मुळाशी, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दोन्ही हातांची मुळाची आणि मधली पेरं सुजलेली, मनगटंही. टोकाची पेरं मात्र ठीक. वयाच्या झिजेत बहुधा टोकाची पेरं धरतात, ऱ्हुमॅटॉइड ती सहसा सोडून देतो. अँटी-सीसीपी ही ऱ्हुमॅटॉइडसाठीची दुसरी रक्ततपासणी केली, ती चांगलीच पॉझिटिव्ह आली. पायाच्या नव्या एक्स-रेत करंगळीच्या मुळाशी हाड कुरतडलेलं दिसलं. आधीचा एक्स-रे फक्त हातांचा होता. हे हाड आता भरून येत नाही. पहिल्या काही महिन्यांत औषध सुरू होणं का महत्त्वाचं, ते मला तिथे कळलं.

साधारण 20 ते 30 टक्के रुग्णांत आर. ए. फॅक्टर निगेटिव्हच असतो, आणि म्हातारपणी काहीही आजार नसताना तो पॉझिटिव्हही येतो. म्हणून रिपोर्ट वाचून निदान करणाऱ्या नातेवाइकांचं ऐकू नका. बाई दुखतंय म्हणते तर तिचा हात हातात घेऊन बघा. आमच्या घरात हे कुणी केलं नाही.

आता, सगळ्यांचं माझ्यासारखंच होतं असं नाही. कुणाचं एका गुडघ्यापासून सुरू होतं, कुणाला बारीक ताप, कोरडे डोळे, कोपरावर गाठी. अँटी-सीसीपीही काहींची निगेटिव्ह येते. थायरॉइड, सोरायसिस यांतही सांधे दुखतात, तेव्हा निदान तज्ज्ञांनाच करू द्या. मेथोट्रेक्सेट हे ऱ्हुमॅटॉइडवरचं औषध मिळालं तर ते आठवड्यातून एकदाच असतं, रोज नाही, हे आईकडून पाठ करून घ्या.

आणि उद्या सकाळी उठल्या उठल्या त्यांच्या दोन्ही हातांचा फोटो काढून ठेवा. तपासणीची वेळ दुपारची असेल तर तोवर सूज बरीच उतरलेली असते.