जन्मतः दात नसलेल्या १३ वर्षांच्या मुलाला इम्प्लांट आताच करावे का?

आपल्या १३ वर्षांच्या मुलाला एक्टोडर्मल डिस्प्लेशिया (दात, केस, घामग्रंथी नीट तयार न होण्याचा जन्मजात आनुवंशिक आजार) आहे, त्याचे बहुतेक कायमचे दात तयारच झालेले नाहीत, तेव्हा इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात बसवायचे दाताचे कृत्रिम मूळ, आताच करावे की थांबावे, असे आपण विचारले आहे. हाच आजार मला आहे आणि माझ्या मामांनाही होता. आजाराची आईकडून मुलाकडे जाणारी ही आनुवंशिक वाट चार्ल्स डार्विन यांनी १८७५ साली सिंधमधल्या एका हिंदू कुटुंबाच्या चार पिढ्यांबद्दल लिहिताना नोंदवली होती. यात आईचा कसलाही दोष नसतो, हे घरात सर्वांना आधी सांगावे.

वरच्या जबड्यात घाई करू नये, असे माझे ठाम मत आहे. खरा दात आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचे पातळ अस्तर असते, त्यामुळे जबडा वाढतो तसा वरचा दातही हाडाबरोबर खाली सरकत राहतो. इम्प्लांटचे टायटॅनियम मात्र थेट हाडाशी एकजीव होते आणि बसवले तिथेच राहते. मला १४व्या वर्षी समोरच्या एका जागी इम्प्लांट बसवले गेले, वाढीबद्दल कोणी काही बोलले नाही, आणि विशीपर्यंत तो दात शेजारच्या दातांपेक्षा वर, हिरडीत शिरल्यासारखा दिसू लागला. कितीतरी वर्षे मी ओठ मिटूनच हसत असे.

वाढ थांबली की नाही, हे वाढदिवसावरून ठरत नाही. मुलींची साधारण १७-१८व्या वर्षी आणि मुलांची २०-२१च्या सुमारास ती मंदावते, पण खात्रीसाठी सहा महिने ते वर्षभराच्या अंतराने चेहऱ्याचे बाजूने एक्स-रे काढून ते एकमेकांशी ताडून पाहावे लागतात.

तोपर्यंत कवळी वापरावी आणि जबडा वाढेल तशी ती बदलून घ्यावी. या आजारात दिसणाऱ्या शंकूसारख्या टोकदार दातांना कॉम्पोझिटने (दाताच्या रंगाच्या भरणद्रव्याने) आकार देता येतो. दुधाचे दात घट्ट असतील तर ते काढू देऊ नका, कारण जिथे दात नसतो तिथले हाड सुरीच्या पात्यासारखे अरुंद राहते आणि पुढे इम्प्लांटसाठी बऱ्याचदा हाडाचे कलम (तिथे जास्तीचे हाड बसवणे) करावे लागते.

खालच्या जबड्यात त्याचे किती दात आहेत, हे आपण लिहिलेले नाही. तिथे एकही दात नसेल आणि कवळी टिकतच नसेल, तर हनुवटीच्या भागात दोन इम्प्लांट बसवून त्यांवर कवळी अडकवण्याचा उपचार लहान वयातही केला जातो, कारण त्या भागातला मधला सांधा बाळाच्या पहिल्या वर्षातच जुळून येतो. तशी स्थिती असल्यास हा प्रश्न तज्ज्ञांना आताच विचारा.