बोर्ड लावायच्या आधी

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद.

तासगावात तू कॉम्प्युटर विक्री-दुरुस्तीचं दुकान उघडतेयस, आणि परवा फोनवर विचारलंस, "काका, सुरुवातीला लॅपटॉप किती भरू?" समोर गिऱ्हाईक उभं होतं म्हणून "लिहून कळवतो" म्हणालो. आज दुकान बंद आहे, तेव्हा सविस्तर लिहितो.

दोन ठेव, लोकांना हात लावून बघायला. त्याहून जास्त पैसा त्यात अडकवू नकोस. काचेआडचा लॅपटॉप म्हणजे भाजी, सकाळचा भाव संध्याकाळी राहत नाही. मोबाईलवर दिसणाऱ्या किमतीशी तासगावातल्या दुकानानं भांडू नये. गिऱ्हाईक ती किंमत दाखवायला लागलं तर तोंड पाडू नकोस. "तिथून घ्या, माझ्याकडे आणा, मी सगळं बसवून देते, मजुरी इतकी" असं सरळ सांग. यातली निम्मी माणसं पुढच्या वेळी आधी तुझ्याकडे येतील.

भांडवल घालायचं ते सुट्या मालात. चांगल्या कंपनीचे दोन-तीन एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारे डबे), साटा आणि एनव्हीएमई दोन्ही जोडणीचे एसएसडी (वेगवान डिस्क), डीडीआर ३ आणि डीडीआर ४ रॅम, प्रोसेसरवर लावायची थर्मल पेस्ट, मदरबोर्डवरचं घड्याळ चालवणारे सीआर २०३२ चे सेल. घड्याळ दर सकाळी मागे जातंय म्हणून "मदरबोर्ड गेलाय" असं ऐकून आलेली माणसं मी पाहिलीत. दोष निघाला त्या एका सेलचा. आणि एक जुना पण ठणठणीत संगणक कायम मोकळा ठेव. मार्च अखेरीला एखाद्या दुकानदाराचं मशीन बंद पडलं की तो दुरुस्तीचे पैसे विचारत नाही, "आज रात्री काम कशावर करू?" हे विचारतो. त्याला ते मशीन लावून दे.

विक्रीचं म्हणशील तर कुणी दारात आलं की "बजेट किती?" हा पहिला प्रश्न विचारू नकोस. "काम काय करता?" हे विचार, आणि शक्य असेल तर ते काम जिथं चालतं तिथं जाऊन बघ. मार्केट यार्डातल्या अडत दुकानाचे दिवाणजी आपल्याकडे महागड्या मशीनची चौकशी करायला आले होते, आठवतं? जुनं मशीन तासाभरात आपोआप बंद पडायचं. आपण तिथं जाऊन कॅबिनेट उघडलं तर हीटसिंकवर, म्हणजे प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर, हळदीचा थर बसलेला, पंख्याची पाती पिवळीधमक. ती पूड नुसती धुळीसारखी उडत नाही, पंख्याच्या तेलकटपणाला चिकटून तिचा लेप होतो. ब्लोअर मारून काही होईना, तेव्हा तू मऊ ब्रश आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून एकेक पातं पुसलंस. टॅलीवरचा हिशोब आणि छपाई एवढंच त्यांचं काम. त्यांना नव्या मशीनची गरजच नव्हती. एसएसडी टाकला, कॅबिनेट टेबलाखालून उचलून वर ठेवलं आणि दर तीन महिन्यांनी साफसफाई ठरवली. त्या दिवशी आपण मोठी विक्री सोडली. आज त्यांच्या शेजारच्या गाळ्यांचं कामही आपल्याकडेच आहे.

तुझ्याकडे हळदीच्या जागी बेदाणा असेल, शीतगृहं असतील, द्राक्षाच्या हिशोबाचे कागद असतील. त्या जागा हिंडून बघ.

आता एक गोष्ट, जी मी तुला दुकानात कधी सांगितली नाही. धंद्याच्या सुरुवातीच्या वर्षांत लग्नपत्रिका करणाऱ्या एका गृहस्थांचं मशीन माझ्याकडे आलं. व्हायरसनं भरलेलं. मी म्हटलं डी ड्राइव्हला हात लावायचा नाही, विंडोज असलेला सी फॉर्मॅट मारायचा, म्हणजे पुसून कोरा करायचा, संध्याकाळपर्यंत मोकळं. त्यांना न विचारता मारला. त्यांच्या डी वरच्या पत्रिका सुखरूप होत्या, पण उघडल्या तर 'श्री गणेशाय नमः'च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कचरा. जुने मराठी फॉन्ट युनिकोड नसतात. इंग्रजी अक्षरांच्या जागांवरच मराठी वळणं बसवलेली असतात, त्यामुळे तोच फॉन्ट मशीनमध्ये नसेल तर मजकूर असूनही वाचता येत नाही. आणि फॉन्ट होते सी वर. ऐन लग्नसराई. त्यांनी मला एक वाईट शब्द बोलला नाही. खुर्चीवर बसून पडद्याकडे बघत राहिले, तो चेहरा अजून डोळ्यांपुढून जात नाही. दोन रात्री जागून, ज्या प्रेसला ते काम देत तिथून फॉन्ट मिळवून गाडी रुळावर आणली. तरी डेस्कटॉपवर, म्हणजे सी वरच, ठेवलेल्या चार पत्रिका गेल्या त्या गेल्याच.

त्यानंतर मी वही घातली. तू ती रोज भरायचीस आणि कधी कधी कंटाळायचीस. फॉर्मॅटच्या आधी फॉन्ट, टॅलीचा डेटा कुठल्या फोल्डरमध्ये, मेल कशात उघडतात, डिजिटल सहीचा टोकन कुठला, प्रिंटर कुठला, डेस्कटॉपवर काय काय, हे सगळं गिऱ्हाइकाला शेजारी बसवून लिहायचं आणि खाली त्याची सही घ्यायची. ती सही आपल्या बचावासाठी नाही. सही करताना माणूस एकदा थांबतो आणि "अहो, पोराचे फोटो पण आहेत त्यात" असं त्याला आठवतं.

फोटोंवरून सांगतो. दुरुस्तीला आलेल्या मशीनमधलं काही उघडून बघायचं नाही. पासवर्ड कागदावर लिहून घेऊ नकोस, समोर टाकायला सांग. कॉलेजच्या मुली, शाळेतल्या बाई तुझ्याकडे येतील, कारण लॅपटॉप अनोळखी माणसाच्या हाती देताना त्यांचा जीव खालीवर होतो. त्यांचं मशीन त्यांच्यासमोर उघड. काढलेला जुना पार्ट पिशवीत घालून परत दे. बिलावर मजुरी वेगळी आणि माल वेगळा लिही.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. साधारण आठव्या पिढीच्या आधीचे इंटेल प्रोसेसर असलेली किंवा टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नसलेली मशीनं विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसत नाहीत. अशी मशीनं घेऊन लोक घाबरून येतील. त्या भीतीवर नवा लॅपटॉप गळ्यात मारू नकोस. ज्याचं बँकेचं काम त्यावर चालतं त्याला धोका नीट समजावून सांग. ज्याला नुसतं टायपिंग आणि इंटरनेट हवं त्याला लिनक्स टाकून आठवडाभर वापरून बघायला दे.

आणि बॅकअप. २०१९ च्या ऑगस्टमध्ये इथं सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, जिथं धोक्याची पातळी ४५ आहे. पाणी ओसरल्यावर लोक गाळानं माखलेली मशीनं पोत्यात घालून आणायचे. ज्यांनी "चालतंय का बघू" म्हणून घरी बटण दाबलं, त्यांच्या बहुतेक डिस्क तिथंच संपल्या. साध्या हार्ड डिस्कला हवेसाठी एक बारीक भोक असतं, त्यातून पाणी आणि गाळ आत जातो. भिजलेली डिस्क उन्हात वाळवायची नाही, चालू करायची नाही, उघडायची तर नाहीच. हवाबंद पिशवीत घालून डेटा काढणाऱ्या लॅबकडे पाठवायची, आणि खर्च मोठा येईल हे आधी सांगायचं.

आपल्या हरिपूरला जमिनीत पेवं खोदून हळद साठवायचे. वर्षानुवर्षं कीड लागायची नाही, इतकी ती जागा भरवशाची. २००५ च्या पुरात त्या पेवांत पाणी शिरलं. गिऱ्हाइकांना बॅकअप समजावताना मी हेच उदाहरण देतो, लगेच पटतं. एक प्रत मशीनवर, एक बाहेरच्या डिस्कवर, आणि एक दुसऱ्या गावात किंवा क्लाउडवर. तुझ्याकडे कृष्णेचं पाणी येणार नाही, पण वीज पडते, चोरी होते, फायली कुलूपबंद करणारे व्हायरस येतात. तो व्हायरस जोडून ठेवलेल्या डिस्कवरही चढतो, म्हणून कॉपी झाली की डिस्क काढून ठेवायला सांग.

रविवारी सकाळच्या एसटीनं येतो. मल्टिमीटर आणि कोरी वही घेऊन येतोय. आल्या आल्या आधी दुकानाचं अर्थिंग मोजू. न्यूट्रल आणि अर्थच्या मध्ये दोन-तीन व्होल्टच्या वर दिसलं तर वायरमनला त्याच दिवशी बोलवायचं, दुकानाच्या नावाचा बोर्ड सोमवारी लावला तरी चालेल. काकू शेंगदाण्याची चटणी देणार आहे, डबा तयार ठेव.

तुझा,
काका
सांगली