कायदे बदलत असताना मुलीने कंपनी सेक्रेटरी व्हावे का?

स. न. वि. वि.

आपले पत्र मिळाले. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत आपले चौदा कामगारांचे वर्कशॉप आहे, कन्या बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि तिला कंपनी सेक्रेटरी, म्हणजे कंपनीच्या कायदेशीर बाबींची पूर्तता पाहणारी अधिकारी, व्हायचे आहे. मात्र कायदे असे भराभर बदलत असतील तर तिचा अभ्यास वाया जाईल, अशी भीती आपण व्यक्त केली आहे.

भीती निराधार नाही. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी २९ कामगार कायद्यांच्या जागी चार श्रम संहिता लागू झाल्या आणि १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याची जागा १ एप्रिल २०२६ पासून नव्या कायद्याने घेतली. केवळ कलमे पाठ केलेल्यांची यात अडचण होते. परंतु नवा मजकूर मुळातून वाचून तो एखाद्या उद्योगाच्या पगारपत्रकाला कसा लागू पडतो हे सांगू शकणाऱ्या माणसाची गरज अशाच काळात सर्वाधिक असते.

आपल्याच वर्कशॉपचे उदाहरण घेऊ. एखाद्या कामगाराला दरमहा २०,००० रुपये मिळतात, त्यांपैकी मूळ वेतन ८,००० आणि घरभाडे, प्रवास यांसारखे भत्ते १२,००० आहेत, असे समजा. या चारपैकी वेतन संहितेनुसार वेतनातून वगळण्याजोगे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाले, तर वरची रक्कम वेतनातच धरली जाते. म्हणून येथे वेतन १०,००० ठरते आणि दहा वर्षांच्या नोकरीची ग्रॅच्युइटी (नोकरी संपताना मालकाने द्यायची रक्कम) सुमारे ४६,१५० रुपयांवरून ५७,७०० रुपयांच्या आसपास जाते. याशिवाय ठरावीक मुदतीसाठी नेमलेल्या कामगाराला एका वर्षानंतरही ग्रॅच्युइटीचा हक्क मिळतो, आणि काम सोडणाऱ्याचे वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत चुकते करावे लागते. कामगारांच्या दृष्टीने हे योग्यच आहे, असे माझे मत आहे. मालकाला मात्र याची तरतूद आधीपासून करावी लागते.

बदल आपल्या बाजूचेही आहेत. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत न दिल्यास, खरेदीदाराला त्या खर्चाची प्राप्तिकरातील वजावट प्रत्यक्ष पैसे दिले त्याच वर्षी मिळते. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आलेली ही तरतूद नव्या प्राप्तिकर कायद्यातही कायम आहे, कलमाचा क्रमांक तेवढा बदलला.

आता अभ्यासक्रमाविषयी. सूचिबद्ध (शेअर बाजारात नोंदलेल्या) कंपन्यांना, तसेच १० कोटी रुपये किंवा त्याहून अधिक भरणा भांडवल (भागधारकांनी प्रत्यक्ष भरलेले भांडवल) असलेल्या कंपन्यांना पूर्णवेळ कंपनी सेक्रेटरी नेमावाच लागतो, त्यामुळे या पदाला कायद्याचा आधार आहे. परीक्षा मात्र कठीण आहेत आणि त्यांचा गाभा कंपनी कायदा हा आहे. कन्येचा ओढा कर आणि हिशेबाकडे असेल तर सी.ए. अधिक जुळेल, कामगारविषयक कामाची आवड असेल तर विधी पदवी किंवा कामगार कायद्यांची पदविका घेऊन लेबर कन्सल्टंटच्या कामाकडे वळता येईल.

प्रवेशाचे पैसे भरण्यापूर्वी एक करावे. आपले पगारपत्रक आणि वेतन संहितेतील वेतनाची व्याख्या तिच्या हाती द्यावी, आणि चौदाही कामगारांचे नवे वेतन किती ठरते याचा तक्ता तिला स्वतः करू द्यावा. ती व्याख्या पुन्हा पुन्हा वाचून, शंका विचारत ती त्या कामात रमली, तर तिला अडवू नये. तक्ता घेऊन आपण दोघेही भेटायला या; पुढचा मार्ग तिच्या समक्षच ठरवू.